लघवीचं पण विचारा की ओ डॉक्टर: बेळगाव भागातल्या डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओंना खुलं पत्र

नमस्कार.

बेळगावात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगल सगळीकडं जे कुणी नसांच्या आजाराचे पेशंट बघता त्या सगळ्यांना हे पत्र आहे, मोठ्या हॉस्पिटलातल्यांना पण आणि गल्लीतल्या दवाखान्यातल्यांना पण. मी वडगावात राहते, ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि मला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नसांचा आजार, आहे. तुम्हाला वेळ किती कमी असतोय ते मी बाहेरच्या बाकावर बसून बघितलंय, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगते. पेशंट समोर बसला की त्याला लघवीचं विचारा. तो आपणहून सांगेल म्हणून थांबू नका, तो सांगणार नाही, आणि बाई असेल, बरोबर सासू नाहीतर मुलगा आत आलेला असेल, तर मरेपर्यंत सांगणार नाही. घाईची लागते का, कपड्यात होते का, आणि होऊन आल्यावर लघवी पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, एवढंच विचारायचंय. एक मिनिट पण लागत नाही.

मी एवढं ठामपणे का म्हणते त्याला कारण आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना काही बायका माझ्याकडं येतात, ब्लाउजचं माप देतात, अस्तर कुठलं, गळा केवढा सगळं बोलून होतंय, आणि दारापर्यंत जाऊन परत वळतात. जरा एक काम होतं, परकराला आतून जाड कापड लावून देशील काय, धुता येईल असलं. कुणाला शुगर होऊन लई वर्षं झालीत, कुणाच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, कुणी सासऱ्यांसाठी विचारतंय ज्यांना पार्किन्सन आहे, कुणाच्या नवऱ्याला लकवा मारून गेलाय. मी दरवेळी विचारते, डॉक्टरना सांगितलं काय हे? उत्तर ठरलेलं असतंय, अगं त्यांना काय सांगायचं, ते हातापायाचं बघतात. म्हणजे तुमच्या फाईलमध्ये जे नाही ते माझ्या मापाच्या वहीत आहे, आणि हे मला बरं वाटत नाही, कारण मी कापड लावून देऊ शकते, औषध देऊ शकत नाही.

माझं स्वतःचं सांगते. आजार कळला तेव्हा डोळ्याचं बघितलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायाच्या अंगठ्याला सुई टोचून बघितली, एका रेषेत चालायला लावलं, एमआरआय झाला, सगळं नीट झालं, तक्रार नाही. खरं लघवीचं कुणी विचारलं नाही. तेव्हा मला मशीनवरून उठून बाथरूमपर्यंत जाईतोवर धीर निघत नव्हता, किल्ली दाराला लावली की कळ यायची, नळाचा आवाज ऐकला की यायची, आणि बेळगावची डिसेंबरची थंडी म्हणजे विचारूच नका. मीच शेवटी एका ठिकाणी घाबरत घाबरत सांगितलं, घाई होते म्हणून. गोळी मिळाली. गोळीनं तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना, घाई मात्र कमी झाली, मला वाटलं जिंकलं आता. मग थोड्या दिवसांनी ओटीपोट जड व्हायला लागलं, थेंब थेंब व्हायचं, रात्री झोपेत कपडे भिजायचे, आणि एक दिवस थंडी वाजून ताप आला आणि दोन्ही पाय गेले. उठताच येईना. घरच्यांना वाटलं एमएसचा नवा अटॅक आलाय. ॲडमिट केल्यावर एका सिस्टरनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या लघवी कधी झाली, नळी घातली तर पाऊण लिटरच्या आसपास लघवी निघाली. त्या सिस्टरच्या हातामुळं मी आज हे लिहितेय.

नंतर एका डॉक्टरनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, ते जसं कळलं तसं सांगते. लघवीची पिशवी भरते तेव्हा तिचा स्नायू सैल राहायला पाहिजे आणि खालचं तोंड घट्ट, आणि होताना बरोबर उलटं. हा हुकूम मेंदूतून निघतो, मणक्यातून खाली येतो, आणि माकडहाडाच्या वरच्या सॅक्रल नसांतून, एस-२ ते एस-४, पिशवीपर्यंत जातो. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. वाटेत कुठंही नस खराब झाली तर दोन गोष्टी होऊ शकतात, एक तर पिशवी थोडी भरली तरी आवळते आणि सुटतं, नाहीतर पिशवी आवळतेय खरं खालचं तोंड उघडतच नाही, शिलाई मशीनचं पायडल पण दाबलंय आणि चाक पण हातानं धरलंय तसं. एमएसमध्ये दोन्ही एकत्र असू शकतात, घाई पण आणि तुंबणं पण. मला तेच होतं. घाईची गोळी पिशवीला ढिली करते, म्हणजे आधीच तुंबत असेल तर आणखी तुंबणार.

म्हणून माझी दुसरी विनंती ही आहे की ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन असली घाईची कुठलीही गोळी नसांच्या पेशंटला लिहायच्या आधी एकदा लघवी करून यायला सांगा आणि लगेच सोनोग्राफीत बघा पिशवीत किती उरलीय. सोनोग्राफी आता तालुक्याला पण असते, सुई नाही, दुखत नाही. १०० मिलीच्या वर उरत असेल तर थांबून विचार करायला पाहिजे असं मला सांगितलंय. आणि या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं डोकं गोंधळतं, विसरायला होतं, ते पण घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर सासरे भ्रमिष्टासारखं करायला लागले म्हणून घर घाबरतं आणि कारण असतंय गोळी. मिराबेग्रॉन म्हणून वेगळ्या प्रकारची गोळी आहे, तिनं तोंड तेवढं कोरडं होत नाही, बीपी बघावं लागतं, महाग पडते. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांना पिशवीच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, काही महिने टिकतं, परत द्यावं लागतं. हे सगळं अस्तित्वात आहे हेच आमच्या लोकांना माहीत नाही ओ, त्यांना वाटतं वय झालं, आता हे असंच.

आता नळीचं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त भीती याचीच आहे आणि मला सगळ्यात जास्त सुख यानंच दिलं. स्वतः नळी घालून लघवी काढायची, दिवसातून चार-पाच वेळा, काढायची आणि नळी बाहेर, अंगावर काही लटकत नाही. अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हे मांडलं की नळी घालायला ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक सगळं लागत नाही, हात साबणानं स्वच्छ धुतले तरी घरी करता येतं, कारण पिशवी ताणून भरून राहणं हेच इन्फेक्शनचं मोठं कारण आहे, ती वेळेवर रिकामी करणं जास्त महत्त्वाचं. पन्नास वर्षं होऊन गेली की हे सांगून. आणि आमच्याकडं अजून नळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर खाटेला लटकलेली पिवळी पिशवी आणि शेवटची घटका येते.

मला शिकवलं ते एका सिस्टरनी, पडदा लावून, दार आतून बंद करून, हातात आरसा देऊन. आपलं आपल्याला कुठं काय आहे तेच बायकांना माहीत नसतं, लग्न होऊन मुलं झाली तरी माहीत नसतं, त्यामुळं पहिल्यांदा आरसाच लागतो. हात धुवायचे, जागा पुढून मागं पाण्यानं धुवायची, नळीला जेली लावायची, हळू आत, लघवी यायला लागली की आणखी थोडी आत, थांबायचं, आणि थांबली की हळूहळू बाहेर ओढायची म्हणजे तळाची पण निघते. पहिले काही दिवस हात थरथरतो, रडायला पण येतं. मग सवय होते. आता मी शिवणाच्या दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये आत जाऊन येते आणि कुणाला कळत पण नाही. रात्री सलग झोपते. ज्यानं वर्षानुवर्षं रात्री चार-चारदा उठलंय त्यालाच कळेल सलग झोप म्हणजे काय.

खरं हे शिकवायला माणूस पाहिजे आणि वेळ पाहिजे. ओपीडीच्या गर्दीत, बाहेर नाव पुकारत असताना, इंग्रजीतला कागद हातात देऊन हे शिकवता येत नाही. आमच्या भागात कुणी घरी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि बाजारात सगळेच सगळं मिसळून बोलतात, तुम्ही पण तसंच बोलता, मग हे पण तसंच त्या माणसाच्या घरच्या बोलीत सांगा. शिकवणारी बाई असेल तर बायका शिकतील. हाताची बोटं चालत नसतील तर घरातल्या एकाला शिकवा, खरं आधी पेशंटला विचारून, की कुणी केलेलं चालेल तुला, कारण काही जणींना सून चालते आणि मुलगी नको वाटते, काहींचं उलटं. नळी एकदा वापरून टाकायची असते हे पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि घरोघरी परवडत नाही म्हणून धुऊन परत वापरतात हे तुम्हाला पण माहीत आहे. मग ते धुवायचं वाळवायचं कसं, कशात ठेवायचं, किती दिवसांनी टाकायची हे तुम्हीच स्पष्ट सांगा. तुम्ही गप्प बसलात तर माणूस शेजारच्याला विचारतो.

तापाचं एक सांगायलाच पाहिजे. एमएसच्या पेशंटला लघवीचं इन्फेक्शन झालं, अंगात ताप भरला, की जुनी दुखणी सगळी वर येतात, पाय जातात, डोळ्यापुढं धूसर होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं नवा अटॅक. बहुतेक वेळा तो खोटा अटॅक असतो, इन्फेक्शन गेलं की पाय परत येतात. म्हणून स्टेरॉइडची बाटली लावायच्या आधी लघवी तपासा, कारण इन्फेक्शन असताना स्टेरॉइड दिलं तर ते इन्फेक्शन आणखी पसरू शकतं. आणि याची दुसरी बाजू पण आहे. जे रोज नळी वापरतात त्यांच्या लघवीत जंतू दिसणारच, ताप नाही, कळ नाही, पाय जड नाहीत, तर नुसत्या रिपोर्टवरून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देऊ नका. मेडिकलवाल्यांनो, तुम्हाला पण हात जोडून सांगते, लघवीला जळजळ म्हणून कुणी काउंटरवर आलं तर तीन गोळ्या कापून देऊ नका, तपासून घ्या म्हणा.

पाणी कमी प्या असं कृपा करून कुणी सांगू नका. आमच्या बायका आधीच पीत नाहीत. लग्नाला जायचंय, पाणी बंद. खानापूरला माहेरी जायचंय, पाणी बंद. गणपतीची मिरवणूक रात्रभर चालते, ती बघायची हौस असलेल्या बाईनं सकाळपासून घसा कोरडा ठेवलेला असतो. लघवी घट्ट झाली की पिशवीला जास्त झोंबते, इन्फेक्शन होतं, संडास कडक होतो, आणि संडास अडकला की लघवी आणखी बिघडते. त्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, झोपायच्या आधी दोन तास कमी करायचं, चहा कमी करायचा (आमच्याकडं हे सगळ्यात अवघड, कुणाच्या घरी गेलं की चहा आलाच), आणि घड्याळ लावून दोन-दोन तासांनी कळ नसली तरी जाऊन यायचं. तीन दिवस वहीत लिहायचं, किती वाजता पाणी, किती वाजता लघवी, मापाच्या ग्लासात किती मिली, कधी कपड्यात झाली. ही वही तुम्ही मागा आणि बघा. मी माझी पहिली वही घेऊन गेले तर ती उघडलीच नाही कुणी, टेबलाच्या कडेला राहिली. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरनी ओळ न् ओळ वाचली आणि त्यावरून गोळीची वेळ बदलली, फरक पडला.

पुरुषांचं पण विसरू नका, ते बायकांपेक्षा जास्त लपवतात. पार्किन्सनचा म्हातारा माणूस रात्री अंधारात घाईनं उठतो, पाय उचलत नाही, मोरीच्या उंबऱ्याला अडकून पडतो, खुबा मोडतो, आणि मग खुब्याचं ऑपरेशन होतं, तो का उठला होता ते विचारायचं राहून जातं. खाटेशेजारी युरिनलचं भांडं ठेवा एवढं सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता. लकव्याच्या ॲडमिट पेशंटमध्ये शंभरात ४० ते ६० जणांना सुरुवातीला लघवीवर ताबा राहत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं महिन्यांत सुधारतं, खरं ते घरच्यांना कुणी सांगत नाही म्हणून डायपर बांधून ठेवतात आणि बाथरूमला न्यायचं सोडून देतात. आणि मणक्याला वरच्या बाजूला, छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मार लागलेला माणूस असेल, विहिरीत पडलेला, गाडीवरून पडलेला, त्याच्या घरच्यांना डिस्चार्जच्या आधी हे सांगाच: अचानक डोकं फुटायला लागलं, तोंड लाल, घाम, बीपी वर, तर त्याला उठवून बसवा आणि आधी नळी अडकली काय, पिशवी भरली काय ते बघा. त्यात जीव जाऊ शकतो. गावात असल्या वेळी डोकेदुखीची गोळी देऊन झोपवतात.

आता माझ्या कामाचं थोडं, कारण तुम्हाला हे पुस्तकात मिळणार नाही. मी जे पॅड शिवते त्याला अंगाकडून मऊ जुनी सुती साडी, मध्ये टॉवेलचं कापड दोन-तीन थर, आणि खाली पाणी न झिरपणारं कापड. रेग्झिन लावू नये, चालताना आवाज येतो आणि घाम धरतो. युरिन बॅग वापरणाऱ्यांना मी मांडीला बांधायची कापडाची पिशवी करून देते, बाहेरून दिसत नाही, फक्त बॅग लघवीच्या पिशवीपेक्षा खालीच राहिली पाहिजे, वर गेली की घाण उलटी आत जाते. पावसाळ्यात बेळगावात जून ते सप्टेंबर कापड वाळत नाही, ओलसर पॅड परत लावला की कातडी सोलते, आणि ज्याला तिथं संवेदनाच नाही त्याला जखम झालेली कळत पण नाही. म्हणून विचारताना कातडीचं पण विचारा, आणि सिस्टर, जमलं तर बघा. डायपर सगळ्यांना परवडत नाहीत. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये काढला, डायपरवरचा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १२ टक्क्यांवरून ५ वर आला, बरं झालं, खरं महिनाभर रोज तीन-चार लागणाऱ्या घराला अजून ते जडच आहे.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, शक्ती योजना. माझ्यासारखीला त्याचा उपयोग किती? बस वाटेत थांबत नाही, थांबली तर स्टँडवरचं बाथरूम बंद नाहीतर पाण्याविना, आणि नळी घालायची तर हात धुवायला साबण-पाणी आणि पिशवी टांगायला एक खुंटी तरी पाहिजे. हे तुमचं काम नाही, मला माहीत आहे. खरं तुमच्या दवाखान्यातलं बाथरूम तुमचं काम आहे. पेशंट न्यूरोचा, चालायला काठी, आणि बाथरूम जिन्यावर किंवा कुलूप लावलेलं आणि किल्ली रिसेप्शनवर मागायची, सगळ्यांच्या समोर. ते उघडं ठेवा. आत धरायला दांडी, बसायला कमोड, आतून लागणारी कडी आणि झाकणाची कचरापेटी ठेवा.

एक कागदाचं काम पण तुमच्या हातात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आणि पार्किन्सन दोन्ही नावानिशी आहेत, मणक्यामुळं, लकव्यामुळं आलेलं अपंगत्व पण त्यात बसू शकतं. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, सर्टिफिकेट देताना बरेच जण हात-पाय किती चालतात एवढंच बघतात. पेशंट चालतो, म्हणून कमी टक्के. तो चालतो खरं दर अर्ध्या तासाला कामावरून उठतो, आणि त्यापायी त्याचं काम जातं, हे कुणी लिहायचं? तुम्ही फाईलमध्ये पहिल्या भेटीपासून लिहिलंत तरच तिथं सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डासमोर दाखवायला काही असतं.

तुमच्यातले खूप जण चांगले आहेत, मी त्यांच्यामुळं उभी आहे, म्हणूनच लिहितेय, नाहीतर लिहिलं नसतं. उद्याच्या ओपीडीपासून सुरू करा. आणि एखादी बाई नळी शिकायला घाबरत असेल, तिला डॉक्टर-सिस्टरपेक्षा रोज हे करणाऱ्या दुसऱ्या बाईकडून ऐकायचं असेल, तर मला सांगा, मी येते. सकाळी शिवणाचं काम असतंय, दुपारी तीननंतर मोकळी असते. आरसा मी माझा घेऊन येईन.

तुमची,
वडगाव, बेळगावची एक पेशंट